डाव संपल्यावरची गजाल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पटावरच्या खेळींविषयी नसून डाव संपल्यानंतर पटाभोवती होणाऱ्या बोलण्याविषयी आहेत. मालवणच्या वाचकांचा प्रश्न इतर पत्रांच्याही मुळाशी असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात १२ ते १५ जण बुद्धिबळ खेळायला जमतात. त्यांत १० वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळे असतात. खेळ शांतपणे होतो, पण डाव संपला की चर्चेच्या नावाखाली नुसता गलका होतो. बघे मध्येच हात घालून मोहरी हलवतात, जिंकलेला आपलेच कौतुक सांगत बसतो, हरलेला तोंड पाडून घरची वाट धरतो आणि कॉलेजची मुले मोबाइल उघडून त्यातले आकडे वाचून दाखवतात. पूर्वी नियमित येणारे चार चांगले खेळाडू आता येईनासे झाले आहेत. ही चर्चा सुधारावी कशी? — एक वाचक, मालवण

उत्तर : आपण ज्याला चर्चा म्हणता, त्याला आपल्याच गावात गजाल हा फार गोड शब्द आहे. गजालीवर माझा रोष नाही. मात्र गजालीला कुठे पोहोचायचे नसते आणि डावावरच्या बोलण्याला पोहोचायचे असते. डाव नेमका कोणत्या चालीला फिरला आणि ती चाल करणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते, एवढे सापडले की त्या संध्याकाळचे काम झाले. आता मनात काय होते हे सांगू शकणारी माणसे तिथे दोनच असतात, आणि त्यांतही ज्याच्या हातून डाव निसटला त्याच्याकडे सांगण्यासारखे अधिक असते. म्हणून माझे पहिले आणि जवळजवळ शेवटचेही सांगणे असे, की डाव संपल्यावर हरलेल्याने आधी बोलावे, त्याचे संपेपर्यंत जिंकलेल्याने ऐकावे, आणि बघ्यांचा क्रमांक तिसरा असावा.

हे शिष्टाचारासाठी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या बैठकीत एका डावाच्या शेवटावरून दोन जाणत्या माणसांची अर्धा तास जुंपली होती. पटावर तीनच मोहरी उरली होती (पटाच्या उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या रांगांना त्याच्या बाजूने १ ते ८ अशी नावे असतात) : पांढरा राजा ई५ या घरात, त्याच्या मागे पांढरे प्यादे ई४ मध्ये आणि समोर काळा राजा ई७ मध्ये. एक म्हणत होते, पांढरा जिंकतो. दुसरे म्हणत होते, बरोबरी आहे. दोघेही चाली करून दाखवत होते आणि दोघांच्याही चाली बिनचूक होत्या. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या आठवीतल्या मुलाने विचारले, की काका, चाल कोणाची होती? त्या प्रश्नासरशी सगळे गप्प झाले, कारण तेवढेच कोणी विचारले नव्हते. चाल काळ्याची असेल, तर त्याला बाजूला किंवा मागे सरावेच लागते, पांढरा राजा मोकळ्या वाटेने पुढे घुसतो आणि प्यादे वजीर होते. चाल पांढऱ्याची असेल, तर समोरासमोरचा तो अडसर त्यालाच सोडावा लागतो, काळा राजा प्रत्येक वेळी पुन्हा समोर येऊन उभा राहतो आणि अखेरीस शह नसताना चालच न उरल्यामुळे डाव बरोबरीत सुटतो. हे प्रत्यक्ष मांडून पाहावे, दहा मिनिटे लागतात. डाव खेळलेल्या दोघांपैकी एकालाही त्या अर्ध्या तासात कोणी तोंड उघडू दिले नव्हते; चाल कोणाची, हे त्या दोघांना पक्के ठाऊक होते.

यावरून पुढची गोष्ट आपोआप येते : चाली लिहिल्याशिवाय चर्चा करू नये. आपल्याकडे घरगुती बैठकीत चाली लिहिणे म्हणजे उगाच स्पर्धेचा आव आणणे असे समजले जाते. पण स्मरणावर विसंबून डाव मांडला, की विसाव्या चालीच्या सुमारास 'माझा घोडा इथे होता', 'नाही, तिथे होता' असा वाद निघतो आणि चर्चा तिथेच बुडते. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे फिडेच्या दीर्घ वेळेच्या स्पर्धांत दोन्ही खेळाडूंना चाली लिहाव्याच लागतात, आणि १९८१ पासून घरांच्या नावांवर आधारलेली अक्षर-अंकांची पद्धतच तिथे ग्राह्य धरली जाते. आपण वही घ्यावी, मधोमध रेघ ओढावी, डावीकडे पांढऱ्याच्या आणि उजवीकडे काळ्याच्या चाली लिहाव्यात. राजासाठी रा, वजिरासाठी व, हत्तीसाठी ह, उंटासाठी उं, घोड्यासाठी घो ही अक्षरे पुरतात. प्याद्याला अक्षर लागत नाही, ते ज्या घरात गेले त्या घराचे नाव लिहिले की झाले. ज्या चालीला जास्त वेळ विचार केला, तिच्यापुढे नुसता एक टिंब द्यावा. संध्याकाळी वही उघडल्यावर बोलायचे कुठे, हे ते टिंबच दाखवतात.

आता बोलायचे कसे, याविषयी. 'इथे तू हत्ती आणायला हवा होतास' हे वाक्य आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येते आणि ते जवळजवळ निरुपयोगी असते. त्याऐवजी 'इथे तू काय पाहिलेस?' असे विचारावे. आद्रियान द ग्रोट नावाचे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगले खेळाडू होते आणि बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये आपल्या देशाकडून खेळले होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी नामवंत आणि साधारण अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंसमोर एकच स्थिती मांडली आणि त्यांना मोठ्याने बोलत विचार करायला सांगितले. नामवंत खेळाडू इतरांपेक्षा फारशा जास्त चाली पुढचे पाहत नव्हते. पाहण्यासारखी चाल मात्र त्यांच्या नजरेत फार लवकर भरत होती. म्हणजे फरक होता तो मोजण्यात कमी आणि दिसण्यात जास्त. माणसाला काय दिसले आणि काय दिसलेच नाही, हे तो स्वतः बोलल्याखेरीज कळणार कसे? आपल्या सभामंडपातल्या १० वर्षांच्या मुलाला 'मला वाटले, घोडा मागे येऊच शकत नाही' असे म्हणू द्या. त्या एका वाक्यात त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यास असतो.

मोहऱ्यांना हात कोणी लावायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण निम्मा गलका त्यातून होतो. ज्या पटावर डाव मांडला आहे, त्याला फक्त खेळलेल्या दोघांचे हात लागावेत. बघ्यांना आपले म्हणणे दाखवायचेच असेल, तर शेजारी दुसरा पट ठेवावा. गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट त्यासाठी पुष्कळ झाला. एखादी ओळ पाच-सहा चाली पुढे नेली, की मूळ स्थिती कोणालाच आठवत नाही, म्हणून निघण्यापूर्वी चालीचा क्रमांक मोठ्याने सांगावा आणि परत येताना वहीतूनच परत यावे. शिवाय ज्यांचे डाव अजून चालू आहेत, त्यांच्या कानावर हे बोलणे जाऊ नये. स्पर्धेच्या नियमांत तर ज्याचा डाव संपला तो खेळाडूही प्रेक्षकच धरला जातो, आणि प्रेक्षकाने चालू डावात एक शब्दही बोलायचा नसतो. सभामंडपात खेळ आणि बाहेरच्या ओटीवर चर्चा, एवढी वाटणी आपल्याला सहज करता येईल.

जिंकलेल्याच्या कौतुकाचे काय करावे, असे आपण विचारले नाही. तरी सांगतो, कारण या बाबतीत मी स्वतः दोषी आहे. तरुणपणी जिल्ह्याच्या एका स्पर्धेत हरलेला डाव मी वर्षानुवर्षे 'घड्याळाने घात केला' असे म्हणत सांगत आलो. पुढे घराची कौले उतरवताना माळ्यावर त्या डावाचा कागद सापडला. पाहतो तो काय, घड्याळाची तंगी सुरू होण्यापूर्वी कितीतरी चाली अगोदर मी वजीर-वजिरांची मारामारी करून हरलेला शेवट स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता. लिहिलेला कागद असा निर्दय असतो, आणि म्हणूनच तो हवा. जगज्जेते मिखाईल बोटविनिक तर खेळाडूने आपल्या डावांचे विश्लेषण छापून प्रसिद्ध करावे असे आग्रहाने सांगत, कारण मग चूक काढणारे चारजण भेटतात आणि स्वतःची समजूत काढण्याची सोय उरत नाही. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे पुढचे जगज्जेते त्यांच्या शिकवणीतून गेलेले होते. आपल्याला छापण्याची गरज नाही. महिन्यातून एका डावाची प्रत टिपणांसह काढून वाचनालयाच्या फलकावर लावावी. जिंकलेल्याने आपल्या दोन चुका आणि हरलेल्याने आपली एक चांगली चाल त्यात लिहावीच, अशी अट घालावी.

एका डावाला २० मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये आणि एका संध्याकाळी दोनच डाव घ्यावेत. अध्यक्ष वगैरे नेमू नका. नेमला की तो भाषण करतो. येईनासे झालेल्या त्या चौघांना निरोप धाडण्यापेक्षा त्यांच्यापैकी एकाचा जुना डाव मागून आणा आणि तो मांडायला त्यांनाच बोलवा. आपल्या डावासाठी माणूस पावसातूनही येतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आमच्या गटात स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम लावून लगेच चूक कळते, मग तासभर डोके का शिणवायचे, असे माझे मत आहे. ज्येष्ठ मंडळी मात्र मोबाइल काढला की रागावतात. यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले खेळते, हे तरी ते मान्य करतील का? — एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : करतील, आणि केलेच पाहिजे. १९९७ साली डीप ब्ल्यू या संगणकाने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हाच तो वाद मिटला. आज आपल्या खिशातला मोफत मिळणारा स्टॉकफिश त्या कपाटाएवढ्या यंत्रालाही भारी आहे. प्रश्न यंत्राच्या ताकदीचा नाही, ते कोणाला उत्तर देत आहे याचा आहे. पडद्यावर पांढऱ्याच्या बाजूने ०.४ असा आकडा येतो आणि आपण समोरच्या काकांना सांगता, की तुमची बारावी चाल चुकली. त्या आकड्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी यंत्रानेच खेळायचे ठरवले तर, असा असतो. स्टॉकफिशच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पूर्ण १ या आकड्याचा अर्थ आपल्याच तोडीच्या यंत्राविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी, असा बेतलेला आहे. म्हणजे ०.४ हा बिनचूक खेळणाऱ्यांमधलासुद्धा लहानसाच कल झाला. आपल्या गटात तर त्या डावात पुढच्या पाच चालींत दोघांनीही एकेक घोडा फुकट दिलेला असण्याचा संभव अधिक, आणि चर्चा झाली पाहिजे ती त्या घोड्यांची.

दुसरे असे, की यंत्र चाल सांगते आणि कारण गिळून टाकते. हत्ती डी१ वर न्या, एवढेच ते म्हणते. का, हे आपणच शोधायचे असते, आणि शोधण्याची ती खटपट आधी केलेली नसली तर दुसऱ्या दिवशी ती चालही आठवत नाही. माझी सूचना अशी : बैठकीत मोबाइल बंद असावा. दोघांनी मिळून आपल्या मते डाव कुठे फिरला ते वहीत लिहावे. मग घरी जाऊन यंत्र लावावे आणि आकड्याने जिथे एकदम मोठी उडी घेतली, तेवढ्याच दोन-तीन जागा पाहाव्यात. आपण लिहिलेली जागा आणि यंत्राने दाखवलेली जागा वेगळी निघाली, तर पुढच्या आठवड्यासाठी उत्तम विषय मिळाला. ज्येष्ठांचा राग थोडा या कारणानेही असेल, की स्पर्धेत डाव चालू असताना खेळाडूजवळ मोबाइल सापडला तर डाव गमवावा लागतो, आणि त्या धाकात मुरलेल्या माणसाला पटाशेजारचा मोबाइल डोळ्यांना खुपतो. तो राग समजून घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. आमच्या तालुक्यात होणाऱ्या खुल्या स्पर्धांत ती मोठ्या माणसांशी खेळते. ती जिंकली, तर समोरचे गृहस्थ हात मिळवून झटकन उठून जातात. एकदोघांनी तर 'पोरीला चुकून मिळाला डाव' असे बोलूनही दाखवले. ती हरली, तर मात्र ते सविस्तर समजावतात, तेही तिला नव्हे, मागे उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना. तिने काय करावे? — एक आई, गुहागर

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. खेळली ती, आणि समजावले वडिलांना! असे पुन्हा घडेल, तेव्हा तिच्या वडिलांनी दोन पावले मागे सरून 'तिलाच सांगा' एवढे म्हणावे.

डावानंतर एकत्र बसणे सक्तीचे नसते. समोरच्याला घाई असू शकते, हरल्याचे दुःख तर असतेच. पण 'काका, एकदा डाव पाहू या का? विसाव्या चालीला मी फार घाबरले होते' असे तिने आपणहून म्हणावे. आपली भीती आधी सांगितली, की पुष्कळशा मोठ्या माणसांना बसावेसे वाटते. एवढ्यावरही कोणी उठून गेलेच, तर त्यात तिचे काही हरवत नाही. तिच्याजवळ तिने लिहिलेला चालींचा कागद आहे आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात. चुकून मिळालेला डाव होता की कसे, हे तो कागद कोणालाही सांगेल.

तिला महाराष्ट्रातलीच एक हकीकत सांगा. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली आणि ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. त्यांची बहीण जयश्री पुढे महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळवणारी पहिली भारतीय ठरली. सर्वांत धाकटी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली, तेव्हा ती १३ वर्षांची होती, म्हणजे आपल्या लेकीहून फार तर दोन वर्षांनी मोठी. तिच्या खेळण्यावरून एवढे वादळ उठले, की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांना द्यावा लागला. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, जुलै २०२५ मध्ये, नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. त्या अंतिम सामन्यात समोरासमोर बसलेल्या दोघीही भारतीय होत्या. गुहागरच्या स्पर्धेत खुर्ची सरकवून उठणाऱ्या गृहस्थांना हे ठाऊक नसेल असे नाही. ठाऊक असूनही ते उठतात, हीच तक्रार आहे.

प्रश्न : माझे आजोबा ८४ वर्षांचे असून अजून उत्तम खेळतात, पण त्यांच्या नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेतले असेल तेच मोहरे होते. गणपतीत मुंबईहून आलेले चुलतभाऊ त्यांच्याशी खेळायला बसले, की दर वर्षी भांडण होते. कोणाचे बरोबर? — एक वाचक, देवगड

उत्तर : आजोबांचे नियम चुकीचे नाहीत, जुने आहेत. आपल्याकडे ज्याला देशी खेळ म्हणत, त्याचे बारकावे गावोगाव थोडे बदलत असले तरी प्याद्याचे एक घर आणि रांगेप्रमाणे बढती ही त्याची ओळखीची खूण होती. पहिल्या चालीला दोन घरे जाण्याची मुभा युरोपात डावाला वेग यावा म्हणून आली, आणि तशी उडी मारणाऱ्या प्याद्याला जाता जाता टिपण्याचा, मुलांना हमखास गोंधळात टाकणारा नियमही त्या मुभेच्या पोटीच जन्मला. आज स्पर्धा कुठेही असो, नियम फिडेचेच, त्यामुळे स्पर्धेपुरते चुलतभाऊ बरोबर आहेत.

पण देशी खेळात वाढलेल्या माणसाला कमी लेखू नये, असे भावंडांना अवश्य सांगावे. पंजाबातले मीर सुलतान खान वडिलांकडून देशी खेळ शिकले होते. १९२९ साली ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले; पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकले. मधल्या काळात हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही हरवले. डावाची सुरुवात हाच त्यांचा कच्चा दुवा राहिला, कारण देशी खेळात प्यादी संथ चालत असल्यामुळे सुरुवातीच्या पाठांतराची त्यांना सवयच नव्हती. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

भांडणावर उपाय साधा आहे : पहिली चाल होण्यापूर्वी नियम ठरवावेत. एक डाव आजोबांच्या नियमांनी आणि एक मुंबईच्या नियमांनी खेळावा. आजोबा जातील तेव्हा त्यांच्याबरोबर ते बारकावेही जातील, म्हणून चतुर्थीच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून राजाची, किल्लेकोटाची म्हणजे राजा-हत्तीच्या एकत्र चालीची आणि शेवटच्या शहाची त्यांची रीत वहीत उतरवून घ्यावी, अशी माझी आपल्याला खास विनंती आहे.

प्रश्न : पावसाळ्यात लाकडी मोहऱ्यांना बुरशी येते आणि पट फुगतो. काय करावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लाकडी संच दिवाळीनंतर काढावा. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकची मोहरी आणि गुंडाळता येणारा पट वापरावा. चाली पेन्सिलीने लिहाव्यात, कारण दमट कागदावर शाई पसरते. संच ठेवलेल्या डब्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी टाकून ती दर पंधरवड्याला बदलावी.

प्रश्न : आम्ही मच्छीमार. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी विणून झाली की दुपार मोकळी असते आणि आठ-दहा जण शेडमध्ये पट मांडतो. सुरुवातीच्या चाली पाठ करायला पुस्तके नाहीत, मोबाइलला रेंज नाही. दोन महिन्यांत बोलण्यासारखे, शिकण्यासारखे काय घ्यावे? — एक वाचक, हर्णै

उत्तर : सुरुवातीच्या चाली सोडून द्या, शेवट घ्या. तीन-चार मोहऱ्यांच्या स्थितीला पुस्तकही लागत नाही आणि रेंजही लागत नाही. दहा डोकी एकत्र असली तर यासारखा विषय नाही. मालवणच्या उत्तरात दिलेली तीन मोहऱ्यांची स्थिती पहिल्या आठवड्यात घ्या. राजा प्याद्याच्या पुढे ई६ मध्ये आणि प्यादे ई५ मध्ये असले, काळा राजा ई८ मध्ये असला, तर चाल कोणाचीही असली तरी पांढरा जिंकतो. का, ते शोधा. मग तेच प्यादे पटाच्या अगदी कडेच्या रांगेत ठेवून पाहा आणि उत्तर का बदलते यावर भांडा.

त्यानंतर नामवंत खेळाडू रिचर्ड रेटी यांनी १९२१ साली रचलेली स्थिती मांडा. पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६. काळा राजा ए६, काळे प्यादे एच५. चाल पांढऱ्याची आणि त्याला डाव बरोबरीत सोडवायचा आहे. पाहताक्षणी अशक्य वाटते : काळे प्यादे इतके पुढे निघाले आहे, की त्याच्या मागे सरळ धावून पांढरा राजा ते कधीच धरू शकत नाही, आणि पांढऱ्या प्याद्याला काळा राजा दोन चालींत खातो. हे कोडे शेडमध्ये निदान एक दुपार तसेच पडू द्या, कोणालाही उत्तर वाचू देऊ नका, आणि प्रत्येकाला आपली हरलेली वाट आधी सांगू द्या. उत्तर पुढे देत आहे, तेव्हा हा भाग मासिकातून दुमडून ठेवावा.

पांढरा राजा काळ्या प्याद्याच्या मागे सरळ जात नाही, तिरका जातो : जी७. काळे प्यादे एच४. राजा एफ६. आता काळ्याने प्यादे एच३ वर ढकलले, तर पांढरा राजा ई६ वर जाऊन आपल्या प्याद्याला हात देतो आणि दोन्ही प्यादी वजीर होतात. म्हणून काळा राजा बी६ वर येऊन प्याद्याकडे वळतो. त्यावर पांढरा राजा ई५! या एका घरातून तो दोन्हीकडे पाहतो. काळ्याने प्यादे पुढे ढकलले, तर तो डी६ वर आपल्या प्याद्यापाशी पोहोचतो. काळ्याने सी६ वरचे प्यादे खाल्ले, तर तो एफ४ वर येतो, मग काळे प्यादे एच३, राजा जी३, आणि प्यादे हातात. पटावर तिरकी वाट सरळ वाटेपेक्षा लांब नसते, हे सर्वांना पाठ असते. राजाने ते असे वापरलेले पाहिले, की भल्याभल्यांचा विश्वास बसत नाही. आपल्यापैकी कोणाला ई५ हे घर उत्तर न वाचता सापडले, तर ते कोणत्या वाटेने सापडले हे पत्राने जरूर कळवावे. सापडले नाही, तर कोणत्या चालीवर अडलात, तेही.